वंशावळीत एकच नाव दोनदा येतंय आणि वयं जुळत नाहीत? आधी दोन माणसांचा एक माणूस झालाय का बघा

गावाकडच्या घराण्याची वंशावळ काढायला बसलेल्या बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. पणजोबांपर्यंत सगळं नीट लागतं कारण घरातल्या कुणीतरी त्यांना डोळ्यांनी बघितलेलं असतं, त्यांच्या वडलांचं नावही आजीच्या तोंडी असतं, आणि मग अजून मागे गेलं की १८६०-७० च्या सुमाराचा एखादा कागद हाती लागतो, त्यावर बरोब्बर तेच नाव, तेच बापाचं नाव, तेच गाव, आपण आनंदाने ते खापरपणजोबांच्या खात्यावर टाकतो आणि तिथून पुढे काहीच ताळा लागत नाही. माझं तब्बल बारा वर्षं हेच झालं होतं. गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या पाच-सहा जणांच्या वंशावळी बघितल्या त्यातल्या चार ठिकाणी हाच घोळ निघाला म्हणून सविस्तर लिहितेय, कारण हे एकदा कळलं की दुरुस्त करता येतं, आणि नाही कळलं तर मधल्या दोन पिढ्यांची माणसं कायमची पुसली जातात.

हे जे लिहितेय ते महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांबद्दल, त्यातही जुन्या मुंबई इलाख्यातल्या गावांबद्दल. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता त्यामुळे तिकडचे जुने कागद बऱ्याचदा उर्दूत असतात, पूर्व विदर्भाची महसुलाची पद्धत वेगळी होती, पण नावांचा घोळ सगळीकडे सारखाच.

आधी लक्षणं सांगते. एखादा माणूस पंच्याहत्तराव्या वर्षी बाप झालेला दिसतो. किंवा एकाच नावाचा माणूस सत्तर-ऐंशी वर्षं खातेदार राहतो. किंवा घरात सांगतात की ते प्लेगात गेले आणि कागदावर मृत्यू त्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी. किंवा भावांची नावं एका कागदात वेगळी आणि दुसऱ्यात पूर्ण वेगळी. यातलं एक जरी दिसलं तरी थांबा, कागद चुकलाय असं लगेच समजू नका. कागद बहुधा बरोबर असतात, आपण दोन माणसं एकावर एक ठेवलेली असतात.

कारण साधं आहे. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. राघूचा मुलगा सिदू, सिदूच्या मुलाला आज्याचं नाव म्हणून परत राघू, त्याचा मुलगा परत सिदू. आता जुन्या कागदात आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं ‘राघू बिन सिदू’ म्हणजे सिदूचा मुलगा राघू, काही भागात बिनच्या जागी वल्लद किंवा वलद. म्हणजे आजोबा पण राघू बिन सिदू आणि नातू पण राघू बिन सिदू! वडलांचं नाव बघून खात्री करतो आपण, पण इथे वडलांचं नावच फसवतं. मी इतकी वर्षं तेच करत होते, नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं, झालं.

माझी केस सांगते, नावं बदलली आहेत. माझ्याकडे दोन कागद होते. पहिला गावच्या घरातल्या पेटीत सापडलेलं १८७३ चं गहाणखत, जुन्या मोडी लिपीतलं, त्यात लिहून देणार राघू बिन सिदू, उमर सुमारे चाळीस, धंदा शेती, आणि खाली सही नाही, निशाणी नांगर. तो नांगर बघितला तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, चार रेघांचा छोटासा नांगर, कुणीतरी टाक हातात धरून काढलेला किंवा लिहिणाऱ्याने त्याच्या नावाने काढलेला, आणि बाजूला ‘हातची निशाणी’. दुसरा कागद म्हणजे १९१४ ची फेरफार नोंद, म्हणजे जमिनीवरचा हक्क बदलल्याची नोंद, राघू बिन सिदू मयत, वारस मुलगे अमुक, तमुक, पैकी धाकटा अज्ञान, वय सहा, त्याची अ. पा. क., म्हणजे अज्ञान पालनकर्ती, म्हणून आईचं नाव. तो सहा वर्षांचा धाकटा म्हणजे माझे पणजोबा.

आता गणित करा. १८७३ ला चाळीस म्हणजे जन्म १८३३ चा. १९१४ ला एक्याऐंशी. आणि पोरगा सहा वर्षांचा, म्हणजे पंच्याहत्तरीला झालेला. मी तेव्हा म्हणाले होते की दुसरं लग्न असेल, पूर्वी व्हायचं असं. घरातले सगळे म्हणाले हो हो असेल. त्या ‘असेल’वर आम्ही वंशावळीची फ्रेम करून भिंतीला लावली.

तर यावर उपाय काय, तो एका ओळीत सांगायचा तर नावाच्या मागे लागू नका, जमिनीच्या आणि भावकीच्या मागे लागा. नाव दर दोन पिढ्यांनी परत येतं. सर्व्हे नंबर तसा येत नाही, आणि भावांचा पूर्ण संच तर दोन पिढ्यांत सारखा असणं जवळजवळ अशक्य. म्हणून प्रत्येक कागदातून आधी काय उचलायचं तर सोबतची माणसं. भाऊ कोण, चुलते कोण, साक्षीदार कोण, शेजारच्या बांधावर कोण. गहाणखतात चतुःसीमा दिलेल्या असतात, पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, ही शेजाऱ्यांची नावं सोन्यासारखी आहेत, कारण तेच शेजारी त्यांच्या स्वतःच्या कागदात तुमच्या माणसाचं नाव देतात.

मी परत दोन्ही कागद घेऊन बसले. १८७३ च्या गहाणखतात राघूबरोबर लिहून देणारा दुसरा होता, तात्या बिन सिदू, भाऊ. १९१४ च्या नोंदीच्या आगेमागे त्याच गावची फेरफाराची सगळी पानं चाळली तर चार नोंदी सोडून वाटणीची नोंद होती, त्यात मयत राघूचा भाऊ मारुती बिन सिदू. तात्या कुठेच नाही. आणि सर्व्हे नंबर मात्र दोन्हीकडे तोच. जमीन तीच, माणसाचं नाव तेच, भाऊ वेगळे. तिथेच उजेड पडला की हे आजा-नातू आहेत आणि मधे एक सिदू बिन राघू आहे ज्याचं नावसुद्धा आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, फक्त नोंदीचं आपलं पान मागू नका. नक्कल काढताना आपण आपल्या फेरफाराचा नंबर देतो, तेवढंच मिळतं. त्याच्या मागच्या-पुढच्या पंचवीस-तीस नोंदी वाचायला मिळाल्या तर भावकीचा निम्मा गुंता सुटतो. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार, जुने सातबारा स्कॅन होऊन सरकारच्या ‘आपले अभिलेख’ साइटवर आले आहेत, तिथे बसून शोधता येतं. नाही आले तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, आणि धीर. मला एका ठिकाणी तीनदा ‘जीर्ण आहे, देता येत नाही’ असं तोंडी सांगितलं, चौथ्यांदा लेखी उत्तर मागितलं तेव्हा रजिस्टर बाहेर आलं. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

पण फेरफाराला एक मर्यादा आहे, हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे ही रजिस्टरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची, त्याच्या मागे ती नाहीतच. त्याआधीचे जे सर्व्हेचे कागद आहेत, आपल्याकडे ही मोजणी १८३६ ला इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केली, त्यात सारा कोण भरणार तो खातेदार लिहिलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा घरातला थोरला. चार भावांचं एकत्र कुटुंब असलं तरी कागदावर एकटा थोरला दिसतो. त्यामुळे तुमचे आजे-पणजे धाकट्या पातीतले, म्हणजे शाखेतले, असतील तर जुन्या कागदात ‘आमचं नावच नाही’ असं वाटतं, अनेक जण इथे सोडून देतात. नाव असतं, थोरल्या चुलत्याच्या पोटात असतं. तेव्हा आधी थोरली पाती कोणती ते भावकीत विचारून घ्या.

सर्व्हे नंबर धरून मागे जाताना तो नंबरसुद्धा बदलतो हे विसरू नका. मोजणीनंतर सारा ठरवायचे तो बंदोबस्त तीस वर्षांचा असायचा, नंतर फेरमोजणी झाली की काही गावांत नंबर नवे पडले. नंतर हिस्से पडले ते आकारफोडीत, म्हणजे हिश्श्यांप्रमाणे सारा वाटून दिलेल्या कागदात, दिसतात. आणि जिथे जमिनीच्या तुकड्यांची एकत्रीकरण योजना झाली, १९४७ च्या कायद्याने, तिथे सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. आजचा गट नंबर घेऊन १८७० चा कागद शोधाल तर काही सापडणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याचंच सापडेल. जुना नंबर कोणता ते भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसातून गट योजनेच्या उताऱ्यावरून काढता येतं. शेताचं नाव माहीत असेल तर तेही लिहून ठेवा, माळाचं शेत, चिंचेचं वावर, असली नावं तीन-चार पिढ्या टिकतात आणि जुन्या दस्तात कधी कधी नंबरबरोबर लिहिलेलीही असतात.

बुद्रुक आणि खुर्द बघा. हे सांगायला नको असं वाटतं पण माझ्या मावसभावाने दीड वर्ष खुर्दचे कागद वाचले आणि घराणं बुद्रुकचं. तसंच जिल्हा-तालुका आजचा धरू नका. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता, सिंधुदुर्ग त्याच साली रत्नागिरीतून वेगळा झाला, लातूर १९८२ चा. तालुके तर याहून जास्त वेळा इकडचे तिकडे झालेत, आणि जुनं रेकॉर्ड कधी नव्या ऑफिसात गेलंय, कधी जुन्यातच पडून आहे.

मोडीबद्दल. मोडी येत नसेल तर वाचून देणारे मिळतात, पण वाचून आलेलं लिप्यंतर म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. मोडीत आधी आडवी रेघ मारून त्याखाली सलग लिहीत जायचे, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, अनुस्वार बऱ्याचदा दिलेलाच नसतो. पांडूचा पाडू होतो, आणि त्यावरून कुणी भलतंच नाव लावतो. माझ्या गहाणखतात पहिल्या वाचनाला ‘तात्या’ हे वेगळं नाव आहे हेच कळलं नव्हतं, ते आधीच्या शब्दाला चिकटलं होतं, दुसऱ्या माणसाकडून परत वाचून घेतलं तेव्हा भाऊ बाहेर आला. म्हणून महत्त्वाचा कागद दोघांकडून वाचून घ्या, आणि पहिल्याने काय वाचलं ते दुसऱ्याला सांगू नका. शक्य असेल तर बारा-पंधरा दिवस देऊन मुळाक्षरं स्वतः शिका, पूर्ण कागद नाही आला तरी आपल्या माणसाचं नाव आणि ‘बिन’ डोळ्याला ओळखू येतं, तेवढ्यानेही पानं चाळायचा वेग वाढतो.

तारखांनी पण दोन माणसांचा एक किंवा एकाचे दोन होतात. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांना ७९. फसली सनात, म्हणजे महसुलाच्या कामातल्या सालात, ५९०. आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कागदांत अरबी सन असतो, सुहूर सन, तो शब्दांत लिहितात, इसने अशर मयातैन व अलफ म्हणजे दोन, दहा, दोनशे, हजार, १२१२, त्यात ५९९ मिळवले की १८११, म्हणजे १८११-१२ चं साल. आता फसली आणि सुहूर दोन्ही मृगाला सुरू होतात, आकडे पण जवळचे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा धरला की सरळ नऊ वर्षांची चूक. नऊ वर्षं म्हणजे थोरल्या भावाचा धाकटा करायला पुरेशी. वर्ष जूनमधे बदलतं हेही ध्यानात असू द्या, मे आणि जुलैचे दोन कागद वेगवेगळ्या फसलीत जातात.

वयावर भिस्त ठेवू नका असं म्हणणार होते पण पूर्णपणे तसंही नाही. कागदातलं ‘सुमारे चाळीस’ म्हणजे पस्तीस ते पन्नास काहीही असू शकतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमधे एक जून जन्मतारीख दिसली तर ती मास्तरांनी घातलेली समजा. पण पाच-दहा वर्षांची चूक वेगळी आणि चाळीस वर्षांची वेगळी. दोन कागदांतला माणूस चाळीस वर्षांनी हुकत असेल तर ती चूक नाही, ती एक अख्खी पिढी किंवा दोन पिढ्या आहेत.

आता माझा मधला सिदू पक्का कसा झाला ते. जमीन आणि भाऊ यावरून अंदाज आला होता, पण तो अंदाजच. पुरावा मिळाला नाशिकला. आपल्याकडे नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, पैठण, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्पिढ्यांच्या वह्या आहेत, नामावळ म्हणतात, गावाप्रमाणे घराणी लावलेली असतात आणि जो यात्रेला येतो तो स्वतः किंवा त्याच्या सांगण्यावरून आपला बाप, आजा, भाऊ, मुलं लिहून जातो. गुरुजींनी गावाचं नाव विचारलं, आडनाव विचारलं, मग आमच्या गावाचं काम ज्यांच्याकडे त्यांच्याकडे पाठवलं. तिथे शके १८१९ ची नोंद निघाली. सिदू बिन राघू, आजा सिदू, चुलता तात्या, मुलगे राघू, मारुती, वडील राघू यांच्या अस्थी घेऊन आले. एका ओळीत चार पिढ्या आणि दोन्ही भाऊ! तात्या पण आहे, मारुती पण आहे. शके १८१९ म्हणजे १८९७-९८, प्लेग १८९६ ला मुंबईत आला आणि तिथून आत पसरला, आणि आजी कायम सांगायची की राघूबाबा प्लेगात गेले. आम्ही १९१४ चा कागद बघून आजीलाच खोटं पाडलं होतं. ती बरोबर होती, तिचा राघू थोरला होता. हे मला तिच्या हयातीत कळलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून घरातली आठवण कागदाशी जुळली नाही तर ती फेकू नका, बाजूला लिहून ठेवा, बऱ्याचदा आठवण खरी असते, फक्त चुकीच्या माणसाला चिकटलेली असते.

तीर्थाला जाताना भावांची नावं पाठ करून जा, नुसत्या बापाच्या नावावर एकाच गावातली दोन-तीन घराणी निघतात. आणि एकच तीर्थ बघून नाही म्हणू नका, १८७६-७८ च्या दुष्काळात कुणी बाहेर पडलं असेल, गरिबीत काशी जमली नसेल पण पंढरपूर जमलं असेल. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यातल्यांनी हेळव्यांची चौकशी करा, ते ठरलेल्या गावांना येऊन घराण्याची नावं वाचून दाखवतात, भावकीत कुणालातरी त्यांचा पत्ता असतो.

बाकी कागद झटपट सांगते. गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ते मिळालं तर मयताच्या तारखा मिळतात. २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधताना अशी बरीच रजिस्टरं स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या सरकारी साइटवर टाकली गेली, तुम्हाला जातीचा दाखला नको असला तरी ती पानं बघा. पुणे, सातारा, सोलापूर, नगर भागातले असाल तर १८७९ च्या शेतकरी कायद्यानंतरचे नोंदवलेले कर्जरोखे शोधा, १८७५ ला सावकारांच्या विरोधात दंगे झाले त्यानंतर हा कायदा आला आणि शेतकऱ्यांचे दस्त गावपातळीवर नोंदवायची सोय झाली, त्यात नाव, बापाचं नाव, गाव सगळं येतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात वतनदार, इनामदार घराण्यांचं भरपूर आहे, साध्या खातेदाराला तिथे पहिल्यांदा जाऊ नका, आधी गाव संपवा. आणि एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेत घरोघरची नावं मिळतील ही आशा सोडा, ते फॉर्म जपलेलेच नाहीत.

नावं जुळत असूनही बाप वेगळाच दिसतोय असं उलटं झालं असेल तर दत्तक बघा. दत्तक गेलेला मुलगा एका कागदापर्यंत एकाचा ‘बिन’ असतो आणि पुढच्यात दुसऱ्याचा, बऱ्याचदा सख्ख्या चुलत्याचा. घरजावई असला तर जमीन तीच राहते आणि आडनाव बदलतं. या दोन्ही वेळेला परत जमिनीचाच धागा कामाला येतो.

दुरुस्त करताना मी आता वंशावळीत नुसतं राघू लिहीत नाही, राघू १ (१८३३ च्या सुमारास, भाऊ तात्या), राघू २ (भाऊ मारुती), असं लिहिते, आणि प्रत्येक रेघेवर कुठल्या कागदावरून जोडली ते. जिथे कागद नाही तिथे तुटक रेघ. दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करताना तर हे फारच जपा, तुटक रेघेवरचं नाव खात्रीचं म्हणून शपथेवर लिहून दिलं की नंतर तुमच्याच भावकीतल्या दुसऱ्याची वंशावळ त्याच्याशी जुळत नाही आणि दोघंही अडकतात. आमच्या एका चुलत घराने आमची जुनी फ्रेम बघून तसंच लिहून दिलं होतं, ते निस्तरायला आठ महिने गेले.

माझ्या वंशावळीत अजून एक मोठी तुटक रेघ आहे, बायकांची. जुन्या कागदात बाई नवऱ्याच्या नावाने येते, सखू कोम राघू, कोम म्हणजे अमक्याची बायको, आणि माहेरचं काहीच नाही. १९१४ च्या नोंदीत अ. पा. क. म्हणून सही करणारी, म्हणजे निशाणी करणारी, नांगराऐवजी काकण काढणारी ती माझी खापरपणजी. तिचं माहेर कुठलं ते शोधायला मी १८७३ पासूनच्या सगळ्या दस्तांतले परगावचे साक्षीदार वेगळे काढतेय, कारण अडीअडचणीला साक्षीला सोयरेच उभे राहायचे, आणि त्यातलं एक गाव आतापर्यंत तीनदा आलंय. पुढच्या महिन्यात त्या गावची नामावळ बघायला परत नाशिकला जातेय, या वेळी तिच्या भावांची नावं शोधायला.